गाडीतला दुसरा श्वास

नाईवाला, करोल बाग,
नवी दिल्ली
१२ जानेवारी २००९

नीला सोमण यांस,
स. न. वि. वि.

कु. की सौ. हे ठाऊक नाही, म्हणून नुसतंच नाव लिहितो, राग नसावा. तुमची माझी ओळख नाही. तुमचं नाव मला एका व्हिडिओ गेमच्या शेवटी सापडलं. शर्यत जिंकली की पडद्यावर तो गेम बनवणाऱ्यांची यादी सरकते, ती ताई मला वाचून दाखवत होती. परदेशी नावांच्या त्या गर्दीत एकदम ‘नीला सोमण, ध्वनी, नॉएडा’ असं आलं, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. म्हटलं, आपल्या माणसाला आपल्या भाषेत पत्र लिहावं.

मी विलास सबनीस. करोल बागेत आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एकतिसाव्या वर्षी माझी दृष्टी गेली, त्याला आता चौदा वर्षं झाली. मिस्त्री लोक अजूनही गाडी दुकानापुढे उभी करतात, बॉनेट उघडतात आणि म्हणतात, “विलासभाई, ज़रा सुन लो.” कुठला वॉल्व्ह कुरकुरतोय ते मी ऐकून सांगतो. हे पत्र मी सांगतोय आणि माझी मोठी बहीण चंद्रप्रभाताई लिहून घेतेय. ती शाळेत मराठी शिकवायची. तेव्हा शुद्धलेखन तिचं आणि आगाऊपणा माझा.

आंधळा माणूस शर्यतीचा गेम कसा खेळतो, असं तुम्हाला वाटेल. कानांनी खेळतो. डाव्या स्पीकरमध्ये खडखड आली की डावा कठडा जवळ आला. टायर रडायला लागले की वळण संपत नाहीये. बोगद्यात इंजिनाचा आवाज अंगावर येतो, पुलावर तो मोकळा होतो. पहिला नंबर कधीतरीच येतो, पण शर्यत पुरी करतो.

तुमच्या गेममध्ये चौदा गाड्या आहेत, त्यांत एकच इलेक्ट्रिक. बाकीच्या तेरा नुसत्या डरकाळ्या फोडतात. या इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, त्यामुळे आतलं सगळं ऐकू येतं. सीटचं कातडं, काचेवरचा वारा. आणि मागे बसलेला माणूस. हे मात्र तुम्ही कमाल केलंत. चालवणाऱ्याचा श्वास आहेच, शिवाय मागच्या सीटवर डाव्या बाजूला दुसऱ्याचा. अगदी हलका. आपण कुणाला तरी घेऊन निघालोय असं वाटतं. ही कल्पना कुणाची, एवढंच विचारायचं होतं.

आपला,
विलास सबनीस


इंदिरापुरम, गाझियाबाद
२१ जानेवारी २००९

श्री. विलासराव सबनीस यांस,
सा. न.

तुमचं पत्र ऑफिसात आलं आणि मी ते तीनदा वाचलं. सहा वर्षं मी गेम्ससाठी आवाज करते. आजवर कुणी पत्र लिहिलं नव्हतं, तेही मराठीत! आणि हो, मी सौ. आहे. मूळची पुण्याची, लग्न होऊन इकडे आले. माझे यजमान मानस मात्र पक्के दिल्लीवाले. त्यांच्या मराठीत निम्मं ‘बिल्कुल’ आणि ‘अच्छा’ असतं.

इलेक्ट्रिक गाडीनं मला फार छळलं. खरी गाडी आम्हाला कुणी दिलीच नव्हती. मोटरची शिट्टी म्हणून मी आमच्या घरचा मिक्सर वापरला, त्याचा सूर बराच वर चढवला. पण आतली शांतता कुठून आणायची? नुसतं काहीच ठेवलं नाही तर स्पीकर बंद पडलाय असं वाटतं. गाडीच्या आतली शांतता खरीखुरी रेकॉर्ड करावी लागते. म्हणून आमच्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये, आमच्याच गाडीत, पुढे माइक लावून, मशीन बाहेर चालू ठेवून आणि काचा वर करून अकरा मिनिटं मी गप्प बसून राहिले. त्यातली चाळीस सेकंद गेममध्ये पुन्हा पुन्हा वाजतात.

तेव्हा मागचा माणूस ही कुणाची कल्पना नाही. गाडीत मी एकटीच होते. माझाच श्वास मागच्या काचेवर आपटून परत आला असणार, तो तुम्हाला दुसरा वाटला. तुमच्या कानांचं मात्र कौतुक आहे. आमच्या इथे ते कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

ताईंना नमस्कार.

आपली,
नीला सोमण


करोल बाग
३० जानेवारी २००९

सौ. नीलाताईंस,
स. न. वि. वि.

तुमचं उत्तर ताईने दोनदा वाचून दाखवलं. मिक्सरचं ऐकून तिला इतकं हसू आलं की चहा सांडला.

पण रागावू नका, प्रतिध्वनी तो नाही. प्रतिध्वनी मूळ आवाजाच्या मागोमाग येतो, त्याच चालीने. हे दोन श्वास वेगळ्या चालीचे आहेत. तुमचा भरभर चालतो, नाकातून, आणि तुम्हाला त्या दिवशी थोडी सर्दी होती. दुसरा संथ आहे. श्वास सोडताना शेवटी बारीक शीळ येते, म्हाताऱ्या माणसाची येते तशी. पाच-सहा श्वास झाले की तो थांबतो, तोंडात ‘टक्’ असा एक छोटा आवाज होतो, आणि पुन्हा सुरू होतो. आमच्या वडिलांना कवळी होती. ती जिभेने जागेवर बसवताना असाच आवाज व्हायचा.

खात्री करायला मी ती गाडी काल आणि परवा पुन्हा घेतली. शर्यत सुरू न करता नुसती रेषेवर उभी ठेवली. ताई म्हणते, “मला काही ऐकू येत नाही, तुला भास होतोय.” होतही असेल. पण मला भास होतो तेव्हा तो एकाच जागेवरून येत नाही. हा नेहमी मागून, डावीकडूनच येतो.

तुमच्याबरोबर कुणी वडीलधारं बसलं असेल आणि तुम्ही विसरला असाल, तर तसं कळवा. माझ्या जिवाला स्वस्थता लाभेल.

आपला,
विलास


इंदिरापुरम
३ मार्च २००९

विलासरावांस,
सा. न.

उत्तराला महिना लागला. तुमचं पत्र वाचल्यावर काही दिवस मला लेखणी धरवेना.

तुम्हाला एक गोष्ट सांगितली नव्हती. अनोळखी माणसाला कशाला सांगायची, असं वाटलं होतं. माझे सासरे, मुरलीधर सोमण, १४ नोव्हेंबर २००७ पासून बेपत्ता आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. म्युनिसिपालिटीच्या पाणी खात्यात नकाशे काढायचे. अडतीस वर्षं दिल्लीत रिजच्या टेकडीवर, हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या क्वार्टरमध्ये राहिले. नंतर आम्ही इकडे अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्यांना घेऊन आलो. इथे आल्यावर ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग दिवस, मग आम्हाला. रोज विचारायचे, “घरी कधी जायचं?” मी म्हणायचे, “अण्णा, हेच घर.” ते मान हलवायचे आणि वरची कवळी जिभेने बसवायचे. टक्.

त्या दिवशी बुधवार होता, भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. अण्णांकडे बघणाऱ्या बाई सुट्टीवर होत्या, म्हणून मानस घरी थांबला होता. मी दुपारी लवकर निघाले आणि वर न जाता आधी बेसमेंटमध्ये रेकॉर्डिंग उरकलं. साडेचारला वर गेले तर मानस दारात उभा. म्हणाला, “अण्णा दिसत नाहीयेत. अत्ता चारपर्यंत इथेच होते, यार. मी फोनवर होतो.” तेव्हापासून आम्ही शोधतो आहोत. पोलीस, आश्रम, देवळं, स्टेशनं. कुठेच नाहीत.

तुम्ही लिहिलंत ती गाडी आमची, आणि रेकॉर्डिंगचा दिवसही तोच. रेकॉर्डरच्या फाइलवर वेळ आहे : तीन वाजून चोपन्न मिनिटं. मी सगळं यंत्रावर लावून, आवाज दहा पट वाढवून ऐकलं. मला फक्त खरखर ऐकू येते. मग मी आमच्या सलोनीला विचारलं. गेम बाजारात जाण्याआधी गाड्या चालवून तपासायचं काम तिचं. ती म्हणाली, “तुला हसू येईल म्हणून बोलले नाही. ती गाडी मी एकटी असताना कधी घेतली नाही. सारखं मागे वळून बघावंसं वाटायचं.”

विलासराव, मूळ अकरा मिनिटांची सीडी सोबत पाठवते आहे. अण्णा कधी गाडीत शिरले, कधी उतरले, एवढं मला सांगा. तुमच्याशिवाय मी कुणाला विचारू?

नीला


करोल बाग
१४ मार्च २००९

सौ. नीलाताईंस,

सीडी मिळाली. दुकान दोन दिवस ताईच्या ताब्यात देऊन मी घरी बसून ऐकली. जे आहे तेच सांगतो.

सुरुवातीला पुढचं दार उघडतं आणि लागतं. तुम्ही बसता. तारीख बोलता, ‘टेक एक’ म्हणता. यानंतर अकरा मिनिटांत कुठलंही दार वाजत नाही. शेवटी पुढचं दार उघडतं, लागतं, आणि मशीन बंद होईपर्यंत काही क्षण जातात.

मागचं दार एकदाही उघडलेलं नाही. पण तो श्वास पहिल्या क्षणापासून आहे. तुम्ही दार उघडण्याआधीच तो तिथे बसलेला आहे. अगदी शांतपणे. घाबरलेल्या माणसाचा श्वास मी ओळखतो, हा तसा नाही. कुणीतरी कुणाची वाट बघत बसावं, तसा आहे.

तुम्ही उतरलात त्यानंतरही तो चालूच होता.

मला आणखी काही सांगता येत नाही. तुमच्या दुःखात आम्ही दोघंही आहोत.

आपला,
विलास


सेक्टर २२, नॉएडा
२० मे २००९

विलासरावांस,
सा. न.

पत्ता बदललेला पाहून तुम्हाला कळेलच. सध्या मी मैत्रिणीकडे, अनुष्काकडे राहते. काय झालं ते क्रमाने सांगते.

तुमच्या पत्रावरून मी एकच अर्थ काढला. अण्णा आधीच खाली येऊन गाडीत बसले होते, मानसचं ‘चारपर्यंत’ पाच-दहा मिनिटांनी चुकलं असणार. मानस गाडी उघडी ठेवतो, त्याची ती सवय आहे. मी पुढे बसले, मागे पाहिलं नाही, अकरा मिनिटं त्यांच्यासमोर बसून तशीच निघून आले. आणि मग ते उतरून कुठेतरी गेले. म्हणजे ते माझ्यामुळे हरवले. दीड वर्ष मी मनातल्या मनात मानसला दोष देत होते, आणि दोषी मी होते.

ते मी दोन महिने पोटात ठेवलं. शेवटी गेल्या रविवारी दुपारी मानस कपड्यांच्या घड्या घालत होता, तेव्हा सगळं सांगितलं. सीडी, तुमची पत्रं, मागची सीट. म्हटलं, “मीच त्यांना गाडीत सोडून आले रे.”

त्याच्या हातातला शर्ट तसाच राहिला. म्हणाला, “नीला, ते गाडीत नव्हते. असूच शकत नाहीत.”

“कशावरून?”

“कारण ते सकाळी दहालाच गेले होते.”

सकाळी दहाला! त्याचा ऑफिसचा कॉल होता, म्हणून तो बाल्कनीचं दार लावून बोलत बसला. पाऊण तासाने आत आला तर फ्लॅटचं दार उघडं. आदल्या महिन्यात असंच एकदा झालं होतं. अण्णा लिफ्टपर्यंत गेले होते, आणि मी मानसला नको ते बोलले होते. त्या भीतीने त्याने मला फोन केला नाही. दिवसभर स्कूटरवर एकटा फिरत राहिला. मी आले तेव्हा त्याच्या तोंडून ‘चारपर्यंत इथेच होते’ असं निघून गेलं. मग पोलिसांनाही तेच सांगितलं, आणि एकदा सांगितलेलं मागे घेता येईना.

पहिल्या महिन्यात आम्ही दिल्लीत जाऊन बेवारस मृतांची यादी पाहिली होती. त्यात १४ तारखेची एक नोंद होती : ‘पुरुष, वय अंदाजे पंचाहत्तर, तपकिरी स्वेटर.’ वेळ दुपारची, एक वाजून वीस मिनिटं. आमचे अण्णा तर चारपर्यंत घरी होते, मग ते हे कसे असतील? म्हणून मी स्वतः ते पान उलटलं. मानस माझ्या शेजारी उभा होता. त्याने उलटू दिलं.

परवा आम्ही पुन्हा गेलो. फोटो काढून ठेवलेला होता. ते अण्णाच आहेत.

हिंदूरावच्या चढावर एका बाकावर बसले होते. तिथल्या माळ्याने जबाब दिलाय : बाबूजींनी पाणी मागितलं, प्यायले, म्हणाले आता घर जवळ आलं, आणि बसल्या जागी मान टाकली. कुणी ओळखणारं आलं नाही म्हणून काही दिवसांनी एका संस्थेने अग्नी दिला. आणि मी दीड वर्ष बाकावर बसलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याकडे वाकून बघत फिरत होते.

त्याच संध्याकाळी मी बॅग भरली. मानस अडवायला आला नाही.

आता तुम्हाला विचारते. अण्णा एक वाजून वीस मिनिटांनी गेले. माझं रेकॉर्डिंग तीन चोपन्नचं आहे. विलासराव, माझ्या मागे कोण बसलं होतं?

नीला


करोल बाग
२ जून २००९

चि. सौ. नीलास,

आता ‘ताई’ म्हणवत नाही, तुम्ही मला धाकट्या बहिणीसारख्या आहात.

मला आवाज कळतात, वेळ कळत नाही. कुणाची घटका कधी भरली आणि तो त्यानंतर कुठे जाऊन बसला, हे माझ्या कानांच्या पलीकडचं आहे. तुमचं पत्र ऐकल्यावर मी ती सीडी पुन्हा लावली. मनात होतं की आता तिथे काही नसेल. पण होतं, जसंच्या तसं.

मी एवढंच म्हणेन की ज्याला काही वाईट करायचं असतं त्याचा श्वास तसा नसतो.

तब्येतीला जपा. जेवणखाण सोडू नका.

विलास


करोल बाग
२४ ऑगस्ट २००९

चि. सौ. नीलास
अनेक आशीर्वाद.

आजवर मी लिहीत होते, पण बोलत होता विलास. आज तो दुकानात गेलाय आणि हे पत्र माझं आहे. हे मी लिहितेय ते त्याला ठाऊक नाही.

तू अजून मैत्रिणीकडेच आहेस आणि वकिलाला भेटून आलीस, हे तुझ्या मागच्या कार्डावरून कळलं. ते वाचल्यापासून मला झोप नाही. मी एक चूक केली आहे. चौतीस वर्षं मुलांना ‘सांगितलं ते तसंच्या तसं उतरवून घ्या’ असं शिकवलं, आणि स्वतः मात्र उतरवलं नाही.

मार्च महिन्यात विलासने तुझी सीडी ऐकली, तेव्हा शेवटी तू उतरून दार लावल्यावर तो एकदम ताठ बसला. मला म्हणाला, “ताई, ते बोलले.” मी विचारलं, काय? तर म्हणाला, “मानसला रागावू नकोस, असं म्हणाले.” त्याने तेच पत्रात सांगितलं, आणि मी ते लिहिलं नाही.

मी विचार केला, या वाक्याचा अर्थ काय होतो? मानसने काहीतरी केलंय असा. एका आंधळ्या माणसाच्या कानावर विसंबून मी एका चांगल्या घरात काडी का टाकू? मला तर त्या सीडीत श्वासही कधी ऐकू आला नाही. म्हणून ते वाक्य गाळलं आणि ‘तुमच्या दुःखात आम्ही दोघंही आहोत’ असं माझ्या पदरचं घातलं. पुढे तुझं मे महिन्यातलं पत्र आलं, मानसचं खोटं बाहेर आलं. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण आधी का लपवलं म्हणून तू विचारशील या भीतीने पुन्हा गप्प राहिले. विलास मला तीनदा विचारून गेला, “नीला त्या वाक्याबद्दल काहीच कसं लिहीत नाही?” मी म्हटलं, “तिला दुखत असेल.”

बघ, भीतीपोटी माणूस काय काय करतो. तुझ्या नवऱ्याने केलं तेच मी केलं. मी साठी ओलांडलेली बाई, मला कुणाची भीती होती? पण वाटली.

पितृपक्ष जवळ आलाय. अण्णांची तिथी आता तुम्हाला माहीत आहे, ती कशी आणि कुणी करायची ते तुमचं तुम्ही बघा. मी काही सांगणार नाही. जे तुझं होतं ते तुला पोचतं केलं, एवढंच.

तुझी,
चंद्रप्रभाताई


इंदिरापुरम, गाझियाबाद
९ सप्टेंबर २००९

आदरणीय ताईंस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मला आधी राग आला. मग खूप वेळ काहीच वाटलं नाही. मग मी सीडी काढली आणि ऑफिसातल्या सगळ्यात चांगल्या यंत्रावर शेवटची ती काही सेकंदं शंभरेक वेळा ऐकली. खरखर, ताई. नुसती खरखर. ते वाक्य विलासरावांनी ऐकलं, की तुम्ही माझ्यासाठी मनातलं लिहिलंत, असंही एकदा मनात आलं. ते मी तुम्हाला विचारणार नाही.

शनिवारी दुपारी मी इंदिरापुरमला गेले. मानसने दार उघडलं. वाळलाय. घर नीटनेटकं होतं, अण्णांची खोलीसुद्धा, चादर बदललेली. मी म्हटलं, “मी बोलायला आलेले नाही. तुला एक ऐकवायचंय.” तुमच्या पत्राबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या वाक्याबद्दल तर नाहीच. शपथेवर सांगते. सीडी लावली आणि हेडफोन त्याच्या हातात दिले.

तो खुर्चीत बसून ऐकत होता आणि मी खिडकीशी उभी होते. खाली नव्या टॉवरचं काम चाललं होतं, क्रेन फिरत होती. अकरा मिनिटं इतकी लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. मधे एकदा त्याने डावा खांदा चोरला, मागून कुणी हात ठेवल्यासारखा, पण मागे पाहिलं नाही.

संपलं तरी त्याने हेडफोन काढले नाहीत. मी जवळ गेले तेव्हा म्हणाला, “हे चारचं आहे ना? चौदा तारखेचं?”

“तीन चोपन्नचं.”

“तेव्हा मी पलीकडे वसुंधरा कॉलनीत होतो. पेट्रोल संपलं होतं, स्कूटर ढकलत होतो.” मग म्हणाला, “नीला, शेवटी ते मला का विचारतायत?”

“काय विचारतायत?”

“जेवलास का, म्हणून.”

ताई, मी शेवटचा तेवढा भाग पुन्हा लावला, एक कान माझा, एक त्याचा. मला खरखर. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो मान हलवत होता, ‘हे बघ, हे अत्ता’ असं. विलासरावांना एक ऐकू आलं, त्याला दुसरंच. मला काहीच नाही. मी आवाजाची माणूस, आणि एकटीच बहिरी निघाले.

“मी नव्हतो जेवलो,” तो म्हणाला. “त्या दिवशी सकाळपासून काहीच नाही. तुलाही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.”

माझा राग गेलेला नाही, हे तुम्हाला खरंखरं सांगते. यादीचं ते पान मी उलटलं तेव्हा तो शेजारी गप्प उभा होता. ते मला अजून गिळता येत नाही. कधी येईल की नाही, माहीत नाही. पण दुपारचे दोन वाजून गेले होते आणि ओटा कोरडा होता. मी आत जाऊन कुकर लावला. भात, आमटी, बटाट्याच्या काचऱ्या. ताट वाढून त्याच्यापुढे ठेवलं. तो हळूहळू जेवला, आणि त्याचं जेवण होईपर्यंत मी समोर बसून राहिले.

त्याला चार दिवस झाले. वकिलाला अजून काही कळवलेलं नाही. माझी बॅग दारापाशीच आहे, अर्धी रिकामी केलेली. विलासरावांना हे पत्र वाचून दाखवा, एकही ओळ न गाळता.

तुमची,
नीला